रेंज फुल पण नेट नाही: ऑफिसमधले वायफायचे एपी सारखे पडतात तेव्हा हे क्रमाने बघा

वागळे इस्टेटमधले गाळे, महापे-रबाळे एमआयडीसीतली युनिट्स, वाशी-बेलापूरच्या टॉवरमधली ऑफिसं, इथलं नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम, आणि सगळीकडून फोन एकाच वाक्याचा येतो, "दादा, वायफाय परत गेलं." एकदा ठीक केलं की दोन आठवड्यांनी परत तेच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. एपी म्हणजे ॲक्सेस पॉइंट, छताला किंवा भिंतीला लावलेली वायफाय देणारी डबी. आधी लक्षणं वाचा, तुमचं कुठलं जुळतंय बघा, कारण प्रत्येक लक्षणाचा रस्ता वेगळा आहे.

- मोबाइलवर सगळ्या दांड्या दिसतात, पण वर उद्गारचिन्ह आणि "इंटरनेट नाही".
- सकाळी लवकर आलेल्यांचं मस्त चालतं, अकरानंतर आलेला माणूस "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" वरच अडकून बसतो.
- मीटिंगला दहा-बारा जण जमले की त्याच खोलीतला एपी बंद होतो आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप उठतो.
- अंधार पडला की एक-दोन एपी जातात, दिवसा काही नाही.
- जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीच्या बाजूच्या टेबलांवर कॉल तुटतात.
- केबिनमधून बोलत बोलत कॉन्फरन्स रूममध्ये गेलं की डोक्यावर एपी असूनही फोनवर एकच दांडी.
- ५ गीगाहर्ट्झवरचे (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन बँडपैकी वरचा) सगळे एकदम सुटतात आणि थोड्या वेळाने परत लागतात.
- कंट्रोलरमध्ये (सगळे एपी एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) एपी लाल, ऑफलाइन, पण छतावर त्याचा लाइट चालू.

आता पहिली गोष्ट, आणि यासाठी मी अक्षरशः हात जोडतो: लगेच रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने बऱ्याचदा चालू होतं हे खरं, पण बऱ्याच एपींचा लॉग त्यांच्या मेमरीतच असतो, तो पुसला जातो आणि नक्की काय झालं होतं हे कळायचा मार्ग बंद होतो, मग पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात. दोन मिनिटं थांबा आणि कंट्रोलरमध्ये किंवा एपीच्या पेजवर अपटाइम बघा, म्हणजे एपी शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ चालू आहे ते. कुणी हात लावला नसताना अपटाइम वीस मिनिटं दाखवतोय म्हणजे एपीची पॉवर गेली होती नाहीतर तो स्वतः क्रॅश होऊन उठलाय, त्यात पॉवरचंच प्रमाण जास्त, तेव्हा सरळ खाली केबल आणि पीओईच्या (नेटवर्कच्याच केबलमधून एपीला मिळणारी पॉवर) भागात जा. अपटाइम महिन्याभराचा आहे आणि तरी लोकांचं चालत नाही, तर एपीची पॉवर ठीक आहे, भानगड आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची), चॅनलची किंवा पुढच्या लाइनची आहे. या एका आकड्याने अर्धं काम होतं आणि खर्च शून्य, पण बघत कुणीच नाही.

फुकटातल्या तपासण्या

अपटाइम बघितला की तीन प्रश्न विचारा. एकाचं बंद आहे की सगळ्यांचं? एकाच कोपऱ्यात की सगळ्या मजल्यावर? आणि वायरवरच्या मशीनचं चालतंय का? हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक ऑफिसांत अकाउंट्सचा टॅलीवाला पीसी वायरवर असतो, तिथे जाऊन एखादी साइट उघडा. तिथेही नसेल तर वायफायचा काही दोष नाही, राउटर किंवा बाहेरची लाइन बघा आणि एपींना उगाच छळू नका. एकाच माणसाचं बंद असेल तर त्याच्या लॅपटॉपवर ते नेटवर्क फरगेट करून परत जोडा. तेवढ्यात झालं तर विषय संपला.

मग ज्याचं चालत नाही त्याच्याच लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारा. आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय? म्हणजे लॅपटॉपने आयपी मागितला आणि कुणी दिलाच नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक लावून घेतला. एपीशी जोड आहे, दांड्या आहेत, पण पत्ता नाही. आयपी नीट असेल तर आधी गेटवेला (ऑफिसच्या राउटरचा पत्ता, आयपीकॉन्फिगमध्येच दिसतो) पिंग करा, म्हणजे उत्तर येतंय का बघा, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, मग एखाद्या साइटच्या नावाने. गेटवेच लागत नाही तर दोष ऑफिसच्या आत आहे. गेटवे लागतो पण ८.८.८.८ नाही, तर बहुतेक वेळा लाइनवाल्याला फोन. आकड्याने लागतं पण नावाने नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी सोय. हा क्रम पाठ करून ठेवा, कारण यातून नुसतं कुठे बघायचं तेच कळत नाही, कुठे बघायचं नाही हेही कळतं आणि वेळ सगळा तिथेच वाचतो.

आयपी संपलेत का

अकरानंतरवाल्या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा हेच. राउटर लावणाऱ्याने डीएचसीपीची (आपोआप आयपी वाटायची सोय) रेंज शंभर पत्त्यांची ठेवलेली असते, ऑफिस तेव्हा पंचवीस माणसांचं होतं. आता माणसं पन्नास, प्रत्येकाचा लॅपटॉप, फोन, कुणाचं घड्याळ, शिवाय प्रिंटर, टीव्ही, हजेरीचं मशीन, झाले की शंभराच्या वर. त्यात लीज (एकदा दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ते) २४ तासांची, म्हणजे काल इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्या मुलांच्या फोनसाठीही पत्ते अडवून ठेवलेले. राउटरमध्ये डीएचसीपीची लीज लिस्ट उघडा आणि किती शिल्लक आहेत मोजा.

उपाय सोपा आहे. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरींवर केलेलं वेगळं नेटवर्क), त्याची लीज एक-दोन तासांची. स्टाफची आठ तास पुरते. रेंज वाढवायची असेल तर आधी बघा की प्रिंटरला वगैरे हाताने दिलेले पत्ते त्या नव्या रेंजमध्ये तर येत नाहीत ना, नाहीतर एक आजार बरा करताना दुसरा लागतो आणि प्रिंटर मधेच गायब व्हायला लागतो.

याच जागेवर आणखी एक गोष्ट बघा, लॅपटॉपला मिळालेला गेटवे तुमचाच आहे का? ऑफिसचा गेटवे १० ने सुरू होणारा आणि लॅपटॉपवर मात्र १९२.१६८.०.१ आलाय, म्हणजे कुणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावलाय, तोही बरोबर त्याच्या लॅन पोर्टने, आणि आता तोसुद्धा आयपी वाटतोय. ज्याला त्याच्याकडून मिळाला त्याचं नेट गेलं, शेजारच्याचं चालू, आणि सगळ्यांना वाटतं एपी खराब आहे. वाईट हेतू नसतो कुणाचा, आपल्या कोपऱ्यात रेंज येत नाही म्हणून आणलेला असतो. त्याच कमांड प्रॉम्प्टवर एआरपी -ए मारून त्या गेटवेचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा हार्डवेअर नंबर) घ्या, मॅनेज्ड स्विचच्या (सगळ्या केबली जिथे येतात ती, सेटिंग करता येणारी पेटी) मॅक टेबलमध्ये शोधा, पोर्ट नंबर मिळतो, तिथून केबल धरून जा. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंगची (परक्या राउटरला आयपी वाटू न देणारी) सोय असेल तर चालू करून ठेवा म्हणजे पुन्हा हा प्रकार होत नाही. आणि ज्याने राउटर आणला त्याच्या कोपऱ्यात खरंच रेंज कमी आहे का हेही बघून घ्या, ती तक्रार बऱ्याचदा खरी असते.

केबल, जॅक, पॅच कॉर्ड

इथे मी जास्त वेळ घालवणार, कारण वायफायची म्हणून आलेली तक्रार शेवटी वायरीतच निघते हे इतक्या वेळा झालंय की आता मी ऑफिसात शिरल्यावर आधी रॅककडे, म्हणजे स्विच ठेवलेल्या कपाटाकडे जातो.

स्विचमध्ये त्या एपीच्या पोर्टचा लिंक स्पीड बघा. १००० दाखवायला हवा. १०० दाखवतोय? मग केबलमधली एखादी जोडी गेली असं धरून चाला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच, पिन १-२ आणि ३-६. एखादी जोडी सुटली की बरेच स्विच गुपचूप १०० वर उतरतात, लिंकचा लाइट चालूच राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. लोक नुसतं "स्लो आहे" म्हणत राहतात. स्पीड १००० आहे पण पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेला डेटा) वाढत चाललेत, तरीही केबल किंवा जॅकच.

आधी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) बदला, रॅककडची आणि एपीकडची दोन्ही. तेवढ्याने नाही गेलं तर पोर्ट बदला, चालू असलेल्या एपीची केबल या पोर्टला आणि याची तिकडे. त्रास केबलबरोबर गेला तर केबल किंवा एपी, पोर्टलाच चिकटून राहिला तर स्विच. मग ज्या एपीवर संशय आहे तो खाली उतरवून रॅकजवळ छोट्या कॉर्डने थेट लावून बघा. तिथे दिवसभर नीट चालला तर एपी निर्दोष.

आता आपल्याकडची खास गोष्ट, पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूला हवा इतकी दमट असते की फॉल्स सीलिंगच्या वरच्या जॅकमध्ये ओल धरते. ऐरोलीच्या एका ऑफिसात एपी दुपारीच पडायचा, सकाळी-संध्याकाळी नाही. सीलिंगची टाइल सरकवली तर एसीच्या पाइपचं इन्सुलेशन एका ठिकाणी फाटलेलं, दुपारी एसी जोरात चालला की पाइपला घाम सुटायचा आणि थेंब बरोबर खालच्या कीस्टोन जॅकवर (केबल जिथे संपते तो सॉकेट). आरजे-४५ प्लग काढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये धरला तर आठातल्या तीन पिनांवर हिरवा थर. पीओईमध्ये याच पिनांतून करंट जातो त्यामुळे ओल्या जागी गंज लवकर धरतो. नवा जॅक पंच केला, नवा प्लग क्रिम्प केला, एसीवाल्याकडून इन्सुलेशन करून घेतलं, आणि केबल जॅकमध्ये शिरायच्या आधी खाली एक लूप सोडला म्हणजे पाणी आलंच तर लूपच्या तळाशी टपकतं, जॅकपर्यंत पोचत नाही. तो लूप सगळ्या एपींना सोडा, पैसे पडत नाहीत.

पीओई पुरतंय का

मीटिंगमध्ये किंवा अंधार पडल्यावर एपी बंद होत असेल तर इथे या. पीओईचं जुनं स्टँडर्ड ८०२.३एएफ, त्यात स्विच पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॉट देतो, पुढचं ८०२.३एटी, त्यात ३० वॉट. केबलमध्ये जाणारं वजा करून एपीपर्यंत १२.९५ आणि २५.५ ची खात्री असते. आता नवा वायफाय ६ चा एपी घेतला आणि जुन्याच एएफ स्विचला लावला, तर तो सुरू होतो, रिकाम्या खोलीत चालतोही, पण काही मॉडेल एखादा रेडिओ अर्धवट चालवतात आणि काही लोड आला की सरळ रीबूट होतात. बारा लॅपटॉप, बारा फोन, सगळ्यांचे व्हिडिओ कॉल, की गेला. एपीच्या डेटाशीटमध्ये त्याला किती वॉट लागतात ते वाचा, अंदाज करू नका.

दुसरं, स्विचचं एकूण बजेट. पोर्टवर ३० वॉट लिहिलंय याचा अर्थ आठही पोर्टना एकाच वेळी ३० मिळणार असा होत नाही, स्वस्तातल्या आठ पोर्टच्या स्विचचं एकूण बजेट ६० वॉटच्या आसपास असू शकतं. आणि आपल्याकडे त्याच स्विचला सीसीटीव्ही पण लावलेले असतात. अंधार पडला की कॅमेऱ्यांच्या आयआर एलईडी (अंधारात बघायचे दिवे) लागतात, प्रत्येक कॅमेरा काही वॉट जास्त ओढतो, बजेट संपतं आणि स्विच कमी प्रायॉरिटीचा पोर्ट बंद करतो. ते पोर्ट एपीचे निघाले की संध्याकाळच्या शिफ्टवाले बोंब मारतात आणि सकाळी सगळं ठीक, कुणाला काही सापडत नाही. स्विचच्या पीओई पेजवर संध्याकाळी सातला वापर बघा, दुपारी बघून उपयोग नाही. कॅमेरे वेगळ्या स्विचवर टाका, ते शक्य नसेल तर एपीच्या पोर्टची प्रायॉरिटी वर करा आणि तात्पुरता त्या एपीला स्वतंत्र पीओई इंजेक्टर (केबलमध्ये पॉवर सोडणारा अडॅप्टर) लावा. इंजेक्टर घेताना तोच व्होल्टेज आणि तेच स्टँडर्ड आहे ना ते बघून घ्या, २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर बाजारात भरपूर मिळतात आणि ते या एपींना चालत नाहीत.

तिसरं म्हणजे केबल कसली आहे. बॉक्सवर कॅट ६ छापलेलं असतं पण आत तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. ब्लेडने तार हळूच खरवडा, आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. याचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट, म्हणून लांब अंतरावर पीओईचा व्होल्टेज पडतो, तार गरम होते, वाकवली की तुटते. ७०-८० मीटरवरचा एपी नेमका लोडला पडतो आणि रॅकजवळचे सगळे टकाटक, हे त्याचं लक्षण. अशी केबल कितीही वेळा क्रिम्प करा, ठीक होणार नाही, ती बदलणं हाच उपाय आहे आणि मालकाला हे स्पष्ट सांगा. अंतराची मर्यादाही लक्षात ठेवा, पॅच कॉर्ड धरून १०० मीटर.

चॅनल आणि पॉवर

वायर, पॉवर, आयपी सगळं ठीक निघालं, मगच हवेकडे बघा. वाशी-बेलापूरच्या टॉवरमध्ये फोनवर वायफाय ॲनालायझर उघडला की वर-खाली-शेजारची मिळून चाळीसएक नावं दिसतात. २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. कुणी "३ रिकामा दिसतोय" म्हणून ३ लावला तर तो १ आणि ६ दोघांशी भांडतो. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ५ गीगाहर्ट्झमध्ये जागा जास्त आहे, तरी दाट वस्तीत ८० चा हट्ट नको, ४० किंवा २० वर जास्त एपी सुखाने नांदतात. लाइनवाल्याच्या राउटरचं स्वतःचं वायफाय चालू असेल तर बंद करा, आणि नेटवर्कची नावं तीन-चारच्या वर नेऊ नका, कारण प्रत्येक नावासाठी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन ("मी इथे आहे" असा संदेश) पाठवतो आणि तेवढा वेळ हवेतून वजा होतो.

पॅन्ट्रीचं कोडं इथेच सुटतं. मायक्रोवेव्ह २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपास चालतो, दीड वाजता डबे गरम करायची रांग लागली की जवळच्या २.४ वर असलेल्यांचं काही खरं नाही. त्या टेबलांना ५ वर ढकला, काम झालं.

एपीची पॉवर फुल करून ठेवणं ही सगळीकडे दिसणारी गोष्ट. गणपतीच्या मंडपातला भोंगा तुम्हाला गल्लीच्या टोकाला ऐकू येतो, पण तुम्ही तिथून ओरडलात तर मंडपात कुणाला ऐकू जात नाही, तसंच हे. फोनची पॉवर एपीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे फोनला दांड्या दिसतात पण त्याचं उत्तर एपीपर्यंत पोचत नाही. शिवाय कुठल्या एपीला चिकटायचं हे फोन स्वतः ठरवतो, केबिनमधला एपी कॉन्फरन्स रूमपर्यंत जोरात ऐकू येत असेल तर फोन त्याला सोडणारच कशाला? म्हणून २.४ ची पॉवर कमी, ५ ची मध्यम, आणि १, २, ५.५, ११ एमबीपीएसचे जुने रेट बंद. रेट बंद करायच्या आधी जुने बारकोड स्कॅनर आहेत का विचारा, गोडाऊनवाल्यांकडे असतात. मग केबिनमधून कॉन्फरन्स रूमपर्यंत फोन घेऊन चाला, दुसरीकडे पोचेपर्यंत सिग्नल (वायफाय ॲनालायझरमध्ये दिसणारा आकडा) उणे ६७ डीबीएमच्या खाली जायला नको.

५ वरचे सगळे एकदम सुटण्याचं कारण बऱ्याचदा डीएफएस, म्हणजे रडारला वाट मोकळी करून द्यायचा नियम. ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, एपीला रडारसारखं काही ऐकू आलं की चॅनल सोडावाच लागतो, पुढची ३० मिनिटं तिथे परत जाता येत नाही, आणि नवा चॅनलही डीएफएसचाच असेल तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. आपल्याकडे मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे आणि विमानतळही जवळ, त्यामुळे उंच मजल्यावरच्या ऑफिसांत मी आधी लॉगमध्ये रडार शब्द शोधतो. सापडला तर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ वर या. एपीमध्ये देश भारत लावलेला आहे ना तेही तिथेच बघा.

कंट्रोलरमध्ये लाल पण लाइट चालू, याला घाबरू नका, एपीचा आयपी बदललाय का, व्हीलॅन बदललाय का, कंट्रोलरचा पीसी कुणी बंद केलाय का, एवढं बघा, लोकांचं नेट बऱ्याचदा चालूच असतं. फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं सगळ्यात शेवटी, एकाच एपीवर, ऑफिस सुटल्यावर, आणि दोन-तीन दिवस चालला की मग बाकीच्यांवर.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रॅकला किंवा स्विचच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंगचा प्रश्न आहे, नेटवर्कचा नाही, आणि तोपर्यंत कुणालाही तिथे हात लावू देऊ नका. जळल्याचा वास असेल तरी तेच. एमआयडीसीच्या शेडमध्ये एपी उंच पत्र्याखाली असतो, टेबलावर खुर्ची ठेवून चढू नका, मचाण आणि बेल्टवाला माणूस लागतो. गच्चीवरच्या एपीला पावसात, विजा चमकत असताना जायचंच नाही.

सगळ्या स्विचचे लाइट एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकतायत आणि सगळं ऑफिस बंद, तर नेटवर्कमध्ये लूप आहे, म्हणजे केबल फिरून परत त्याच नेटवर्कला लागलीय. शेवटी लावलेली केबल काढून बघा, तेवढ्याने थांबलं नाही तर नेटवर्कवाल्याला फोन. फायरवॉल किंवा मेन स्विचचा बॅकअप तुमच्याकडे नसेल तर व्हीलॅनला हात लावू नका. ऑफिसच्याच नावाचं वायफाय दिसतंय पण ते तुमच्या कुठल्याच एपीचं नाही, तर स्वतः शोधाशोध न करता सिक्युरिटी बघणाऱ्याला आणि मॅनेजमेंटला त्याच दिवशी कळवा. साध्या टेस्टरवर आठही लाइट लागतात आणि तरी लिंक पडते, तेव्हा सर्टिफिकेशन टेस्टर असलेला केबलिंगवाला हवा, कारण साधा टेस्टर तार जोडलेली आहे एवढंच सांगतो, ती किती भार झेलेल ते नाही. मालाच्या मोठ्या रॅकचं गोडाऊन असेल तर सरळ साइट सर्व्हे करून घ्या, एपी वाढवत बसू नका.

बोलवाल त्याला हातात काय द्यायचं: कधी कधी पडलं त्या वेळा, अपटाइम आणि लॉगचा स्क्रीनशॉट, स्विच पोर्ट नंबर, केबलचं अंदाजे अंतर, काय काय बदलून बघितलं, आणि एपीच्या मागच्या लेबलचा फोटो. एपी स्वतः उघडू नका, वॉरंटी जाते. आणि नवा एपी घ्या असं कुणी आल्या आल्या म्हणालं, तर आधी जुना रॅकजवळ लावून दिवसभर चालवून दाखवा म्हणा.